मिठाच्या पिंपातले दोन तुकडे

रामजी फिटर गेल्याचं मला डहाणू रोडच्या बाजारात कळलं. तलासरीकडून भाजी घेऊन येणारी त्याची वहिनी वांगी तोलता तोलता म्हणाली, "आमचा रामजी गेला ना, बाय. महिना झाला." मी पिशवी उघडी धरून तशीच उभी... महिनाभर मला पत्ताच नाही!

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी चिंचणीला, आमच्या मच्छीमार वस्तीत, सातवीत होते. विहिरी खाऱ्या. आई मासळी विकायला गेली की मैलभरावरून गोड्या पाण्याचे हंडे मीच आणायची, आणि शाळा बुडायची. त्या वर्षी नळ येणार होता. रामजीभाऊ पाइप जोडायला आला. सांधा गळू नये म्हणून प्रत्येक आट्यावर सूत गुंडाळून सफेदा चोपडायचा, हात कोपरापर्यंत पांढरे. आणि अर्ध्यातच काम टाकून बसला! कंत्राटदाराने जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांऐवजी साध्या लोखंडाचे, रुपेरी रंग फासलेले पाइप पाठवले होते. "खाऱ्या वाळूत चार पावसाळे टिकायचे नाहीत. मी नाही जोडणार," म्हणाला. बायकांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली, आणि त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

त्याने आपल्याजवळच्या एका जस्ती पाइपाचा आणि त्या रंगवलेल्या पाइपाचा एकेक तुकडा कापला, दोन्हींवर कानसीने चरा मारला आणि आईच्या मासे खारवायच्या पिंपात टाकले. "पंधरा दिवस राहू दे, मावशी." पंधरवड्याने पाहतो तर रंगाचा तुकडा गंजून लाल, पाणीही लाल. जस्ती तुकड्यावर नुसती पांढरी भुकटी. चऱ्यातलं लोखंडसुद्धा शाबूत. "जस्त आपण झिजतं, पण लोखंडाला गंज लागू देत नाही," रामजीभाऊ म्हणाला. आई कडाडली, "मेल्या, माझे मासे नासवलेस!" आणि तोच गंजका तुकडा घेऊन, सगळ्या बायकांना गोळा करून, तडक पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली.

खरे पाइप आले, पण वर्षभराने. तोवर हंडे वाहण्यात माझी परीक्षा हुकली होती. नळाला पाणी आलं त्या दिवशी वस्तीत नुसता गलका. रामजीभाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुझं वर्ष मी खाल्लं, बाय." मी रागाने तोंड फिरवलं आणि हंडा भरत राहिले. पुढे पास झाले, मास्तरीण झाले, तो रस्त्यात भेटला की हसायचा, मीही हसायची. पण त्या बोलण्याला उत्तर दिलं नाही ते नाहीच. कसली अडेलतट्टू मी! आता ऐकायला तो नाही, तरी सांगते. रामजीभाऊ, पाइप अजून तस्साच आहे, आणि माझ्यानंतर वस्तीतल्या एकाही पोरीचं वर्ष पाण्यापायी गेलं नाही.