मशिदीच्या भिंतीतला अंक

बाकूच्या छापखान्यात दुर्मुश उस्ता, म्हणजे दुर्मुश कारागीर, अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याच्या हातून दर आठवड्याला चार पानी क्रांती बाहेर पडे, पण क्रांतीशी त्याचं ना भांडण होतं ना विशेष सख्य. तुर्की फौजेतून लढताना रशियनांच्या कैदेत सापडला, सुटला, आणि घरी निघण्याआधीच हद्दपार तुर्की संपादक नियाझी बे, म्हणजे नियाझीसाहेब, यांच्या तावडीत सापडला. तुर्की अक्षरं जुळवणारा दुसरा माणूस बेंना मिळेना. पुढचा अंक झाला की जा, असं ते म्हणत, आणि पुढचा अंक काही संपत नसे.

इकडे त्राब्झोनजवळच्या गावात आई हाफिझे त्याला मेलेला समजून बसली होती. ते त्याला आतून खात होतं. अंकात दोन ओळी टाकू का, असं त्याने भीत भीत विचारलं.

"जगातले कामगार एक होतायत, आणि तुला आईला खुशाली कळवायचीय?" बे म्हणाले.

"आईही कामगारच आहे, बे. चाळीस वर्षं लोकांच्या मक्यात राबलीय."

बेंनी तोंड फिरवलं. मग दुर्मुशने भांडवलावरच्या लांबलचक लेखाच्या तळाशी गुपचूप ओळ बसवली: हाफिझे बाईंना कळावं, दुर्मुश जिवंत आहे, दोन्ही पाय शाबूत. तो लेख छापल्यावर खुद्द बेही वाचणार नाहीत, याची त्याला खात्री होती.

इद्रिस नावाड्याने तीनशे अंक रेल्वेने पश्चिम किनाऱ्यावर आणि तिथून होडीतून त्राब्झोनला नेले. बंदरावर शिपाई दिसले तसे त्याने गठ्ठे तिथेच उधळले आणि पळाला. दीड महिन्याने तो परतला तेव्हा बेंनी त्याला स्वतः चहा ओतून दिला. "लोक काय म्हणाले?"

लोक काही म्हणाले नव्हते. वाचता येणारे शंभरात दोन. पण तुर्कीही अरबी लिपीत, म्हणजे अक्षरं कुराणातली; ती पायदळी कशी तुडवायची? लोकांनी एकेक पान उचललं, चुंबलं, कपाळाला लावलं आणि रिवाजाप्रमाणे मशिदीच्या भिंतीच्या फटीत खोचून ठेवलं.

"तीनशेच्या तीनशे," इद्रिस म्हणाला. "एवढा मान सुलतानाच्या फर्मानालाही नाही मिळत."

बेंचा चेहरा पडला. दुर्मुशची ओळही भिंतीतच गेली होती.

मग इद्रिसने खिशातून मशिदीच्या इमामाने दिलेली एक चिठ्ठी काढली. भिंतीला चुना लावायच्या आधी इमामाने फटी मोकळ्या केल्या होत्या, आणि भला माणूस हाती आलेलं पान वाचल्याशिवाय जमिनीत पुरत नसे. भांडवलावरचा लेख त्याने शेवटपर्यंत वाचला. मधला मुद्दा लंगडा आहे, असं संपादकांना कळवलंही होतं. बे हरखून गेले. अख्ख्या अनातोलियात एक वाचक!

खाली, तळाची ओळ वाचून इमामाने हाफिझेला गाठलं तेव्हा तिने सांगितलेला मजकूर होता. दुर्मुशला अक्षरं दिसेनात, म्हणून बेंनीच वाचला: "पाच वर्षं तुझ्या नावाने मयताचा हलवा वाटला. लोक गोड म्हणायचे, मला कधी लागला नाही. यंदा कढई चढवायची नाहीये. ये."

दुर्मुशने शाईचा एप्रन काढून खुंटीला अडकवला. नजर वर करायचा मात्र त्याला धीर होईना. "बे, पुढचा अंक..."

"उशिरा निघेल," बे म्हणाले, आणि होडीत जागा आहे का, ते इद्रिसला विचारू लागले.