अंधारात धरलेलं बोट

भुताखेतांच्या गोष्टींना मी आजही हसते. धर्मांतरानंतर आमच्या घरातून देव्हारा गेला, मागोमाग अंगारे-धुपारेही गेले. त्यात मी नर्स! पण हे माझ्यावरच गुदरलंय, त्याला काय करू?

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. जालन्यात मस्तगडजवळच्या एका लहान दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरला होते. अंबडकडची एक बाई दुपारच्या एसटीनं तीन वर्षांची पोर घेऊन आली. बायका मंगळसूत्राला पिना अडकवून ठेवतात ना, त्यातली पोरीनं गिळल्ती. वर घरच्यांनी पिन खाली सरकावी म्हणून केळी चारली!

"अहो, पिन उघडी असली तर! अन्ननलिका फाटली म्हणजे?" मी ओरडलेच.

"मला काय ठावं वो बाई... सासू म्हणली, जल्दी केळं चार." ती रडायलाच लागली. "माझी पोर वाचंल ना?"

केळ्यांनी पोट भरलेलं, म्हणून भूल द्यायला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. एक्स-रेत एकच पिन दिसली, उघडी, टोक वर. ईथर दिलं. घशात घालायच्या दुर्बिणीतल्या बारक्या दिव्याचा उजेड नीट दिसावा म्हणून खोलीत अंधार केला. मी पोरीचा खांदा धरून उभी.

"आली!" डॉक्टर म्हणाले. दुर्बीणही बाहेर काढली. "झालं सिस्टर, लाइट लावा."

मी वळले... आणि माझं बोट कुणीतरी गच्च धरलं. लहानशी, गार मूठ.

"डॉक्टर, पोर जागी होतेय."

"बिलकुल न्हाई," भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "गाढ आहे."

मी बोट ओढलं. सुटेना! नखं रुतली.

"डॉक्टर, परत एकदा बघा."

"कशाला?"

"बघा हो... पाया पडते तुमच्या!"

चिडूनच ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी दुर्बीण पुन्हा घातली. डोळा लावून आत पाहिलं. मग म्हणाले, "अरे बापरे... अजून एक आहे."

एक्स-रेत दोन्ही एकामागं एक आल्यानं एकच दिसली होती. दुसरीचं टोक अन्ननलिकेत रुतलं होतं. ती बाहेर आली, तशी मूठ सुटली.

लाइट लावला आणि मी पोरीकडे पाहिलं. पोर मानेपासून पायापर्यंत चादरीत गुंडाळलेली, दोन्ही हात आत. मीच आवळून बांधलं होतं. एकही गाठ सुटलेली नव्हती. माझ्या बोटावर मात्र नखांचे चार वळ होते.

पोर वाचली. चार दिवसांनी आईच्या कडेवरून घरी निघाली, तेव्हा तिनं हसत माझ्याकडे हात पुढे केला. मी माझा मागं घेतला. त्या अंधारात कुणी धरलं होतं ते मला आजही सांगता येत नाही. पण त्या लेकराला मी घाबरले, याची लाज वाटते.