मसुद्यातून गाळलेली रजा

यूसुफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वॉर्डमधल्या नर्सेसच्या ड्यूट्या लावत होते. इथं सौदीत, रास अल खैरच्या साइटवर, कंपनीच्या कॅम्पातच त्यांचं हृदय बंद पडलं. मला धक्का बसला नाही. बायपास लवकर करा, हे दम्मामच्या आमच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर बजावलं होतं.

माणूस रत्नागिरीचा, काम करारांचे कागद तपासायचं. तरुणपणी ते हाँगकाँगला एका शिपिंग ऑफिसात होते. ब्रिटिशांकडून हाँगकाँग चीनकडे परत गेल्यावर तिथं कोणता मूलभूत कायदा चालणार, त्याचा मसुदा तेव्हा लोकांच्या सूचनांसाठी वाटला जात होता. यांनी एक प्रत उचलली आणि जन्माचा नाद लागला. पुढे, तसंच चीनकडे परत गेलेल्या शेजारच्या मकावचेही कागद मिळवले. शुक्रवारी आमच्याकडे जेवून हात धुतले, की सगळं शेजारी-शेजारी मांडून बसत.

"हे बघा ताई, हाँगकाँगचा प्रमुख शेवटी सगळ्यांच्या मतांनी निवडायचा, असं ध्येय तरी लिहिलंय. मकावच्या कायद्यात ते वाक्यच नाही."

"त्यानं रत्नागिरीला काय फरक पडतो?" माझे यजमान चिडवत.

"पडतो ना भाऊजी! छापलेलं सगळेच वाचतात. गाळलेलं कोण वाचतो?"

मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. मी भांडी घासायला उठायचे.

दफन इथेच झालं. त्यांच्या बॅगेबरोबर इथल्या आमच्या मराठी मंडळाचं छापील शोकपत्र गावी जायचं होतं. पहिला मसुदा माझा : उपचारांसाठी घरी जायला त्यांनी तीनदा रजा मागितली, तिन्ही वेळा कंपनीने नाकारली. आमचे अध्यक्ष त्याच कंपनीत मोठ्या पदावर, आणि मंडळाच्या कार्यक्रमांना हॉलही कंपनीचाच. "शोकपत्रात कडवटपणा नको, ताई," ते म्हणाले. दुसऱ्या मसुद्यात 'कामाच्या व्यापामुळे घरी जाणं लांबलं' असं झालं. छापून आलं ते असं : 'कामावरच्या प्रेमापोटी त्यांनी स्वतःची रजाही पुढे ढकलली.' मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे उठवले. माझाही होता... ड्यूटीवर होते, वाद नको वाटला. आज त्या कागदाची किळस येते, आणि माझ्या अंगठ्याची जास्त.

आठवड्याने त्यांच्या पत्नीचा, रेहानाभाभींचा फोन आला. "ताई, पत्र वाचलं. म्हणजे यांनाच यायचं नव्हतं? मी ऑपरेशनसाठी मुंबईत खोली बघून ठेवली होती..."

मी तिन्ही मसुदे एकाखाली एक लावून त्यांना पाठवले आणि अध्यक्षांना तसं कळवलं. "खलास झालं ना आता? कशाला उकरता?" ते खेकसले. माणूस खलास झाला होता, एवढं खरं.

मसुदे वाचून भाभींनी पुन्हा फोन केला. "मला एकटीला कळून काय उपयोग? छापलेला कागद गावभर फिरलाय. तुम्हीही छापूनच सांगा."

सांगते. यूसुफभाईंना घरी यायचं होतं.