साडेसहाची हजेरी
माझा थोरला भाऊ फौजेत एकवीस वर्षं वायरलेसवर होता. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत मिक्सर-पंखे दुरुस्त करायला बसला. बोलणं मोजकं. नवरा गेल्यावर मी माहेरी परतले, तेव्हा सांत्वन म्हणून त्यानं माझी बिघडलेली इस्त्री दुरुस्त करून दिली. असा माणूस!

रोज सकाळी साडेसहाला मात्र तो तुकडीतल्या पाच जुन्या सोबत्यांना फोन लावायचा. हजेरीच ती. पूर्वी सहावाही होता, लंबू. एका सकाळी तो "सगळं ठीक" म्हणाला, दादानं वहीत खूण केली, आणि दुपारी लंबूनं जीव दिल्याची बातमी आली. पहाऱ्यावरचा शिपाई "सगळं ठीक" म्हणाला की मान हलवून पुढे जायचं, ही यांची जन्माची सवय. तीच नडली. तेव्हापासून हजेरीत "ठीक" म्हणायला बंदी. काल काय खाल्लं, किती झोपलास, कोणाशी बोललास, ते सांगायचं. पाच फोन झाले की दादा लंबूचं नाव मोठ्यानं घ्यायचा आणि उत्तराची वाट बघत थांबायचा. माझ्या अंगावर काटा यायचा.

"मेलेल्या माणसाला कशाला छळतोस?" मी एकदा चिडून म्हटलं.

"तोच छळतो मला," म्हणाला, आणि पंखा उघडायला घेतला.

परवा साडेसहा वाजून गेले, फोन नाही. मला वाटलं, डोळा लागला असेल, झोपू दे बिचाऱ्याला. मी आपली कपडे भिजवत बसले. सात वाजायच्या आत हजेरीतला पहिला, बसचा ड्रायव्हर, गणवेशातच धावत आला आणि मला बाजूला सारून आत गेला. दादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. फोन बंद.

"काल काय खाल्लंस?"

"मी ठीक आहे."

"बंदी तूच घातलीस ना रे? किती झोपलास?"

 दादा भिंतीकडे बघतच म्हणाला, "चार रात्री नाही. लंबूचा आवाज थांबत नाही. आज सगळं संपवायचं ठरवलं होतं."

 सगळ्यांची हजेरी घेणाऱ्याची हजेरी कोणी घ्यायची, हे त्या शहाण्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि मी? मी तर भिंतीपलीकडे झोपत होते. "बरा आहेस ना?" असं रोज विचारायचे आणि उत्तर यायच्या आत भाजी चिरायला लागायचे.

ड्रायव्हरनं उपदेश केला नाही. "ऊठ, आज माझ्या बसमध्ये बसायचं," एवढंच म्हणाला. दादा दुपारपर्यंत त्याच्यामागच्या सीटवर बसून त्याच रस्त्यानं फिरला. बाकीचे चौघे पाळीपाळीनं एकेका थांब्यावर चढले आणि शेजारी बसून राहिले. दुपारी दोघांनी त्याला डॉक्टरकडे नेलं.

संध्याकाळी तो जेमतेम दोन घास जेवला. हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "छकुले, आज मला एकट्याला झोपू देऊ नकोस."

या माणसानं आयुष्यात माझ्याकडे पाण्याचा पेलासुद्धा मागितला नव्हता. मी माझं अंथरूण उचललं आणि त्याच्या खोलीत नेलं.