वहिनीचा 'इन्हेरंटली'चा पाठ

नणंदेनं भावजयीचं कौतुक करावं, असं आमच्या बोरी गावात सहसा घडत न्हाई. पण बबितावहिनीचं करावंच लागतंय. आमच्या मेंढरं राखणाऱ्या घरात येऊन तिनं इंग्रजीत एम.ए., बी.एड. केलं. मानवतच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली, त्यासाठी नमुना पाठ द्यायचा होता. "हा जमला न्हाई तर पुस्तकं बांधून ठेवते अन् मेंढरामागं जाते," असं ती म्हणाली.

पाठासाठी शब्द मिळाला 'इन्हेरंटली'. मी अन् माझी माय कासाबाई, म्हणजे तिची सासू, व्हरांड्यात खिडकीला नाक लावून उभ्या. वहिनी म्हणाली, "इन्हेरंटली म्हणजे मुळातच, अंगचाच गुण म्हणून. लॅटिनमधून आलाय. तिथं अर्थ होता, आत चिकटून असलेलं. बाहेरून लावलेलं नव्हे." मग पिशवीतून घरची घोंगडी काढली. "ही काळ्या मेंढीच्या लोकरीची. हिला रंग देत नाहीत. धुतली तरी काळीच." अन् तिचा कोपरा जवळच्या पाण्याच्या बादलीत बुडवला.

पाणी शाईवानी काळं!

वर्गातली पोरं खिदळली. मुख्याध्यापक दिनकररावांनी चष्मा काढला. मायनं कपाळावर हात मारला अन् खिडकीतूनच ओरडली, "अगं, काळी घोंगडी घावली न्हाई, ही तपकिरी मेंढीची! लोकात तुझं हसू नको म्हणून बाजारातला रंग दिला मी काल!" अस्सं वाटलं, धरणी दुभंगावी.

वहिनीनं खिडकीकडं बघितलं अन् तीच खदखदून हसली. कोपरा चोळचोळून धुतला. खालून मातकट तपकिरी लोकर निघाली. "आता सांगा, इन्हेरंटली कोणता रंग?"

"तपकिरी!" सगळा वर्ग ओरडला.

"मॅडम, गणित इन्हेरंटली अवघड हाय!" मागचा एक बोलला.

"तुझ्या शेजारच्याला सोपं जातं ना? मग तिथं हा शब्द चालायचा न्हाई."

दिनकरराव खुश. "बाई, तुम्ही इन्हेरंटली शिक्षिका आहात!"

मी मनात म्हणलं, आता गप बस बाई, मान हलव. पण न्हाई!

"न्हाई सर. लग्न झालं तवा मी दहावी नापास होते. सासूबाईंनी मेंढरं स्वतःकडं घेतली अन् मला शाळेत धाडलं. माझ्या अंगचं न्हाई हे, त्यांनी दिलेलं हाय."

दिनकररावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "सोमवारपासून या."

माय व्हरांड्यातच खाली बसली अन् हमसाहमशी रडली.