सायलेन्सरचा तुटका कान

जामसंड्याच्या दवाखान्यात सत्यवान कंपाउंडर होता. औषधं बांधायची, जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायची, आणि डॉक्टर रत्नागिरीला मीटिंगला गेले की सगळा दवाखाना एकट्याने ओढायचा. एका ठेकेदाराकडून त्याने जुनी, लहानशी मोटारसायकल घेतली होती. आडवाटेच्या वाड्यांना तिचा मोठा आधार होता. म्हातारी माणसं तर तिचा आवाज ऐकूनच निम्मी बरी व्हायची.

त्रेसष्ट साली, दसरा झाल्यावर, तिचा सायलेन्सर खडखडायला लागला. सत्यवान गाडी घेऊन भाई मेस्त्रीकडे गेला. भाईने खाली वाकून पाहिलं, सायलेन्सरला चौकटीशी धरून ठेवणारा लोखंडी कान हाताने हलवून बघितला.

"नट आवळून काय उपेग नाय. ह्येचो कानच तुटलोहा. गाडी ठेवून जावा, सांजेक झाळून देतंय."

"आज नको रे भाई. उद्या कुणकेश्वराक लस टोचूक जावचा आसा. रविवारी हाडतंय."

"मगे तार बांधतंय. पण तार ती तारच, सांगून ठेवतंय."

पहिल्या रविवारी मेहुणीचा साखरपुडा होता. दुसऱ्या रविवारी सरंग्या माशाचं सार आणि भात पोटभर जेवून सत्यवान आडवा झाला, तो दिवेलागणीलाच उठला. बायको विमला म्हणाली, "गाडी घेवन जावचा होता मा?" तो म्हणाला, "तार घट आसा."

त्या आठवड्यातच एका दुपारी गुणाजी धावत दवाखान्यात आला. चार मैलांवरच्या वाडीतून कातळ तुडवत आला होता. अंगावर शर्ट नव्हता.

"कंपाउंडरानु, माझ्या बायलेक, मथुराक फुरसां चावलां! गवत कापताना. पायाक."

"किती येळ झालो?"

"घंटोभर झालो. हिरड्यांतसून रगत येता."

डॉक्टर रत्नागिरीला गेले होते. कपाटात विषावरच्या औषधाच्या दोनच कुप्या होत्या. मथुराला डोलीतून आणायची तर अंधार पडला असता. औषधच तिच्याकडे न्यायचं, असं सत्यवानने ठरवलं. कुप्या कापसात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि पेटी गुणाजीच्या हातात दिली.

"पाठी बस. ही पोटाशी धर."

गुणाजी जन्मात पहिल्यांदा मोटारसायकलवर बसला होता. एका हाताने पेटी, दुसऱ्याने सत्यवानचा खांदा. सत्यवानने गाडी अशी कधीच पळवली नव्हती. कातळावरच्या उतारावर खालून खाडकन आवाज झाला. तार तुटली, सायलेन्सर लोंबला आणि त्याचं टोक जांभ्याच्या खाचेत अडकलं. गाडी एका अंगावर गेली. सत्यवान पडला, गुणाजी पडला, पेटी उडून दगडावर आपटली आणि तिचं झाकण उघडलं.

सत्यवान गुडघ्यांवर सरकत पेटीपाशी गेला. दोन्ही कुप्या फुटल्या होत्या.

गुणाजी आपल्या पंजाकडे बघत उभा होता. "माझ्या हातातसून सुटली," तो म्हणाला. "मिया घट धरूक व्हयी होती."

सत्यवानने फुटक्या काचा पेटीत गोळा केल्या आणि झाकण लावलं.

मथुराला डोलीतून जामसंड्याला आणलं. रात्रभर सत्यवान तिच्या उशाशी होता, पण रक्त पुसण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं. कणकवलीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सकाळच्या एस.टी.त तिला घातलं. कणकवली यायच्या आधीच तिने गुणाजीच्या मांडीवर प्राण सोडला. लग्नाला तीन वर्षं झाली होती.

परत आल्यावर डॉक्टरांनी विचारलं. अपघात झाला, एवढंच सत्यवानने सांगितलं. वेळेत औषध मिळतं तर ती वाचली असती का, हे त्याने विचारलं नाही, आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही. जो तो म्हणायचा, "बिचारो गुणाजी! तेच्याच हातातसून सुटली." सत्यवान कान पाडून ऐकायचा. घरी जेवण जाईना. विमलाने खोदून विचारलं तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "ह्या माका सांगून काय होतला?"

बाराव्याला तो चालत गुणाजीच्या घरी गेला. पाहुणे पांगेपर्यंत घरापुढच्या खळ्यात थांबला.

"गुणाजी, तुझी चूक नाय. सायलेन्सराचो कान पंधरा दिस मोडलेलो होतो. भाईन माका सांगितल्यान होता. तो आधी सुटलो, मगे गाडी पडली."

गुणाजीने विचारलं, "त्या दिवशी कित्याक सांगूक नाय तुमी?"

"भियालंय."

"बारा दिस आवस माका म्हणता, बायलेचा औषद तुका धरूक जमला नाय." त्याचा आवाज चढला नव्हता. "आता आत जावा. तिका सांगा."

सत्यवान आत गेला. गुणाजीची आई हौसाबाई चुलीपुढे बसली होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं परत सांगितलं. म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि एवढंच म्हणाली, "माज्या झिलाक मी काय काय बोललंय रे." सत्यवान बाहेर आला तेव्हा खळ्यात गुणाजी नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांनाही खरं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शिक्षा काही केली नाही. गाडी सत्यवानने विकली आणि वाड्यांवर सायकलने जायला लागला. चार मैलांवरच्या रोग्यापर्यंत आता तो उशिरा पोचायचा, हेही त्याला कळत होतं.

गुणाजी दवाखान्याची पायरी चढला नाही. बाजारात समोर आला तर वाट बदलायचा. तीन पावसाळे असे गेले.

मग एका सकाळी तो रांगेत उभा दिसला. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. पुढे येऊन त्याने बाटली ठेवली.

"आयेक ताप आसा."

सत्यवानने औषध भरलं, कागदाची पट्टी कापून बाटलीवर चिकटवली. दिवसातून तीनदा, जेवणानंतर. गुणाजीला नीट कळलं नसावं; त्याने परत विचारलं. सत्यवानने परत सांगितलं. गुणाजी बाटली घेऊन निघून गेला.

दुपारी घरी आल्यावर सत्यवान ताटावर बसला तो तसाच बसून राहिला.

"गुणाजी इल्लो," तो म्हणाला.

विमला वाढता वाढता थांबली. "काय म्हणालो?"

"आयेक ताप आसा म्हणालो."