मुलुंडच्या नीरफणसाचं वकीलपत्र

कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर आमची मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. बेट इतकं लहान, की गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकेपर्यंत समोर समुद्र येतो. तीन वर्षं ती बोलावत होती, शेवटी आम्ही नवरा-बायको गेलो. मी पूर्ण गेलो. बायको अर्धीच आली होती. तिचा उरलेला अर्धा जीव मुलुंडमध्ये, आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत उभ्या असलेल्या एका नीरफणसात अडकला होता, आणि त्याला कारण मी होतो.

नीरफणस म्हणजे विलायती फणस. आत गरे नाहीत, आठळ्या नाहीत, नुसता पांढरा मगज. त्याच्या चकत्या तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर परतल्या की मालवणकडची माणसं बोलणं थांबवतात. त्याला बी नसते. जुन्या झाडाच्या मुळाला फुटवा आला की तो काढून दुसरीकडे लावायचा. बायकोने आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी असा एक फुटवा मालवणच्या माहेरून एसटीने मुलुंडला आणला, तुपाच्या रिकाम्या डब्यात, मांडीवर घेऊन. मे महिना होता. कणकवली मागे पडल्यावर मला तहान लागली, तेव्हा बाटलीतलं उरलेलं पाणी डब्यात गेलेलं होतं. ‘तुम्हाला पुढच्या स्टँडवर मिळेल, त्याला कोण देणार?’ असं ती म्हणाली होती. पुढच्या स्टँडवरचा नळ कोरडा होता.

झाड वाढलं आणि सातव्या वर्षी त्याला फळं धरली. दर पावसाळ्यात कापांच्या बशा सगळ्या घरांत जायला लागल्या. लोक सुरण समजून खात आणि बशी धुऊन परत देत. मग यंदा एक पिकलं फळ सेक्रेटरींच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर पडलं. आठवड्याभरात फलकावर सूचना लागली, की सदर झाड निरुपयोगी व धोकादायक असून त्याच्या छाटणीबाबत विचार करण्यात येईल. छाटणीची परवानगी असते. ती फांदीला लागू होते की बुंध्याला, हे करवत चालवणाऱ्याला नेमकं काय सांगितलंय त्यावर ठरतं.

बायको म्हणाली, कमिटीला पत्र लिहा. एवढंच म्हणाली. चार ओळींचं विनंतीपत्र पुरलं असतं. पण मी निवृत्त माणूस, वाचलेलं पुष्कळ आणि वापरायला जागा नाही. मी दोन पानं लिहिली. तिसऱ्या परिच्छेदात मी असं मांडलं, की जे फळ देत नाही, कचरा करतं आणि जागा अडवून बसतं ते छाटायचं असेल, तर झाडाच्या आधी कार्यकारिणीचा क्रमांक लागतो. लिहिल्यावर मी ते स्वतःला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. मला फार आवडलं होतं.

कमिटीला आवडलं नाही. तोपर्यंत निम्मे सभासद झाडाच्या बाबतीत उदासीन होते. माझ्या पत्रानंतर तेही छाटणीच्या बाजूचे झाले. सभा रविवारी संध्याकाळी आठला ठरली आणि आमचं विमान त्याआधीच्या बुधवारी होतं. विमानात बायको माझ्याशी शाकाहारी की मांसाहारी एवढंच बोलली.

बेटावर ती रोज तळमजल्यावरच्या शेजारणीला फोन करायची. शेजारीण तिच्याच तालुक्यातली. संभाषण ठरलेलं: आहे ना? आहे. बरं. मुलीला आईची काळजी वाटायला लागली. मुंबईत सभा सुरू होईल तेव्हा बेटावर सकाळचे साडेदहा वाजलेले असणार. त्या वेळेला आईचं मन दुसरीकडे वळवायला हवं, म्हणून मुलीने बेत आखला. झाडाच्या चिंतेत असलेल्या बाईला तिने वनस्पती उद्यान बघायला नेलं. आमच्या मुलीला माणसाच्या शरीरातलं प्रत्येक हाड ठाऊक आहे, मन मात्र अभ्यासक्रमाबाहेर राहिलं असावं.

उद्यानाची कमान राजवाड्याला शोभेल अशी होती. आत उद्यान आमच्या सोसायटीच्या आवाराच्या दुप्पट असेल. गणपतीचा मांडव मावला असता, ढोलपथक रस्त्यावर ठेवावं लागलं असतं. नकाशावर पाच पायवाटा होत्या आणि प्रत्येकीला कुठल्यातरी गव्हर्नराचं नाव होतं. आम्हाला फिरवायला एक उंच, ताठ, सत्तरीच्या बाई आल्या. डोक्यावर परातीएवढी हॅट, हातात वेताची छडी. पूर्वी त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, हे त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. आम्ही तिघं नकळत उंचीप्रमाणे उभे राहिलो होतो.

पहिलाच थांबा एका पितळी पाटीपाशी. राजघराण्यातल्या कुणीतरी इथे स्वहस्ते झाड लावलं होतं, असं पाटीवर होतं. झाड कुठे दिसेना. ते वादळात गेलं, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. पाटी वादळात टिकली होती आणि रोज पुसली जात होती. मला हे उद्यान आवडायला लागलं.

पुढे जास्वंद, कर्दळ, कढीपत्ता, सोनटक्का. मुलुंडमध्ये ज्यांच्यावर लोक खरकटं पाणी ओततात ती सगळी मंडळी इथे लॅटिन नावं लावून उभी होती. एका हिरव्यागार अळूला तर स्वतंत्र कठडा होता. बायकोने त्याचं पान उलटं करून देठ बघितला आणि ‘खाजरं आहे’ असा निकाल देऊन पुढे गेली. कोकोच्या झाडापाशी मात्र ती थबकली. बुंध्यालाच फळं लागलेली बघून तिला आपल्याकडच्या गऱ्यांच्या फणसाची आठवण झाली आणि तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं. ते तिने मुंबईच्या वेळेवरच ठेवलं होतं.

मग उद्यानाचा मानबिंदू आला. मोठी, कातरलेली, गडद पानं. हिरवी, बारीक खरखरीत फळं. नीरफणस. भोवती साखळी, समोर बाक, आणि माझ्या उंचीची पाटी.

बाईंनी छडी टेकली आणि इतिहास सुरू केला. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडहून एक कप्तान जहाज घेऊन पॅसिफिक महासागरात गेला आणि तिथून या झाडाची शेकडो रोपं घेऊन निघाला. मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोसायला. वाटेत खलाशांनी बंड केलं, कप्तानाला होडीत सोडून दिलं आणि रोपं समुद्रात फेकली. पाण्यावरूनही खलाशी चिडले होते असं लोक म्हणतात, कारण गोडं पाणी रोपांना आधी आणि माणसांना मग. कप्तान जगला, पुन्हा गेला, आणि दुसऱ्या खेपेला रोपं पोचली. एवढं झाल्यावर ज्यांच्यासाठी आणली त्या गुलामांनी ते फळ पुष्कळ वर्षं तोंडात घातलं नाही.

मुलगी हे सगळं आईला मराठीत सांगत होती. बायकोने पूर्ण ऐकून घेतलं आणि त्या सकाळी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

‘तुम्ही बंड नाही केलंत,’ ती म्हणाली.

‘एसटीत होडी नव्हती,’ मी म्हणालो.

ती हसली असती, पण तेवढ्यात फोन वाजला. शेजारीण सभेतूनच बोलत होती, हळू आवाजात. पण बायकोचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

‘वयनी, ठरलां. मंगळवारी माणसां येतली. छाटणी म्हणतत, पण बुंध्यापर्यंत.’ मग आणखी हळू, ‘तुमच्या घोवाचां पत्र परत वाचून दाखयल्यानी.’

बायको बाकावर बसली. रडली वगैरे नाही. समोरच्या साखळीतल्या झाडाकडे बघत राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

काय झालं, असं हॅटवाल्या बाईंनी विचारलं. मुलीने संकोचत सांगितलं. बाईंनी दोनच प्रश्न केले: झाड कोणी लावलं, आणि सभा संपली का? सभा संपली नव्हती. पार्किंगचा विषय चालू होता, म्हणजे ती संपण्याची भीती नव्हती.

‘त्यांना सांग, माझ्या सोसायटीशी बोला,’ बायको मुलीला म्हणाली.

‘आई, असं कसं सांगू? वेडेपणा आहे हा.’

‘तुझे बाबा पत्र लिहितात तो काय शहाणपणा असतो?’

मुलीने सांगितलं. बाईंनी हॅट सरळ केली. व्हिडिओ कॉल लागला. शेजारणीने फोन वर धरला असावा, कारण आधी सोसायटीच्या हॉलचा पंखा दिसला, मग पन्नासेक डोकी. बाईंनी इंग्रजीत विचारलं, अध्यक्ष कोण आहेत. तो स्वर असा होता, की अध्यक्ष उठून उभे राहिले. आमचे अध्यक्ष झेंडावंदनालाही खुर्चीला टेकून उभे असतात.

पुढची दहा मिनिटं बाई बोलत होत्या. कप्तान, बंड, वादळ, गुलाम, सगळं. मागे साखळी, पाटी आणि छडी दिसत होती. ते झाड राजघराण्यातल्या व्यक्तीला दाखवलं होतं हेही त्या बोलल्या. मेलेल्या झाडाचा विषय त्यांनी टाळला. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी त्यांनी अध्यक्षांना विचारलं, तुम्ही हे फळ खाल्लं आहे का? अध्यक्ष नाही म्हणाले. तेव्हा शेजारीण कॅमेऱ्यामागून मराठीत म्हणाली, ‘दरवर्षी खाताय. सुरण नव्हता तो.’

मुलीने ते भाषांतर करून सांगितलं. बाई म्हणाल्या, की ज्याचं इतकी वर्षं खाल्लं त्याला तोडायचंच असेल, तर आधी निदान त्याचं नाव पाठ करा. मग त्यांनी ते लॅटिन नाव हॉलकडून तीनदा म्हणवून घेतलं. मी मुलुंडच्या पन्नास सभासदांना लॅटिन म्हणताना ऐकलं आहे. आता काही ऐकायचं उरलेलं नाही.

मंगळवारी माणसं आली नाहीत.

बायको खूश होईल असं मला वाटलं होतं. तिने बाईंचे दोन्ही हात धरले, काप कसे करायचे ते मुलीकडून त्यांना लिहून दिलं. पण परतताना गाडीत म्हणाली, ‘यातलं मी काय वेगळं सांगत होते? झाड चांगलं आहे, खायला येतं, तोडू नका.’ मग खिडकीबाहेर बघत, ‘हॅट नव्हती माझ्याकडे.’ तुझ्याकडे नवराही बरा नव्हता, हे तिला ठाऊकच होतं.

महिन्याभराने मुलुंडला आलो. झाडाभोवती कट्टा बांधलेला होता, आणि कट्ट्यावर आडवी बसवलेली काळी ग्रॅनाइटची पाटी. मोठ्या अक्षरांत अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार यांची नावं, ‘यांच्या प्रेरणेने जतन’. खाली बारीक अक्षरांत ‘दुर्मिळ विदेशी वृक्ष’. बायकोच्या नावाचा पत्ता नव्हता. मालवण विदेशात गेलं होतं.

माझ्या डोक्यात पहिला परिच्छेद तयार झाला. दुसराही. जेवताना मी म्हटलं, यावर एक पत्र जायला हवं.

‘पेन ठेवा खाली,’ ती म्हणाली. ‘आकडी घ्या.’

आम्ही खाली गेलो. मी आकडीने एक तयार फळ उतरवलं. नीरफणस काढला की देठातून पांढरा चीक गळतो. देठ खाली करून तासभर निथळत ठेवावा लागतो, नाहीतर विळी आणि हात दोन्ही कामातून जातात. हा चीक एकदा दगडावर वाळला की काळा पडतो आणि घासून निघत नाही. हे मला तिनेच कधीतरी शिकवलेलं.

तिने इकडेतिकडे बघितलं आणि फळ देठ खाली करून पाटीवर ठेवलं. आधी मधोमध ठेवलं होतं. मग जरा सरकवून अध्यक्षांच्या बाजूला घेतलं.

‘दगड गार आहे. बरा निथळेल,’ ती म्हणाली, आणि आम्ही दोघं कट्ट्यावर तासभर बसून राहिलो.